खोलीची शांतता

मावशी त्या दिवशी घरून निघाली ती अगदी किरकोळ कामाला. एका सिनेमात मेलेल्यांचे चार-दोन आवाज कमी पडले होते. तेवढे भरून द्यायचे आणि उजेड आहे तोवर घरी परतायचं. हातात दोघांचा डबा, खांद्याला कोमट पाण्याची बाटली, आणि डोक्यात एवढंच की येताना शिंप्याकडून उशांचे अभ्रे घ्यायला विसरायचं नाही.

तिचा धंदाच तसा होता. पडद्यावरची जी माणसं बोलत नाहीत, नुसती ओरडतात, कण्हतात, गुरगुरतात, त्यांना ती आवाज द्यायची. ऐन उमेदीत तिनं बाळंतिणी केल्या, आगीत सापडलेल्या बायका केल्या, बुडणाऱ्या केल्या. हल्ली मात्र साथीच्या सिनेमांना ऊत आला होता. कुठल्याशा प्रयोगशाळेतून विषाणू सुटतो, गावाला ताप येतो, माणसं पटापट मरतात आणि मेलेली उठून जिवंतांच्या मागे लागतात. गोष्ट इथून तिथून एकच. त्या उठलेल्या प्रेतांना बोलता येत नाही, पण गप्प बसवूनही चालत नाही. मग मावशीला बोलावणं जायचं. दातांत ओलं फडकं धरून, जीभ पार मागे ओढून ती असा काही आवाज काढायची की यंत्रावर बसलेल्या माणसाला मागे वळून दार बघावंसं वाटायचं.

घरी सराव चालू असला की शेजारीण खिडकीतून विचारायची, "अहो, तुमच्याकडे कुणी आजारी आहे की सिनेमा आहे? आधी सांगत जा बाई, मी उगाच धावत यायची."

स्टुडिओ एका जुन्या इमारतीच्या तळघरात होता. वर फर्निचरचं दुकान. पायऱ्या उतरून खाली आलं की बाहेर ऊन आहे की अंधार, काही पत्ता लागायचा नाही. ओलसर गालिच्याचा आणि तापलेल्या यंत्रांवरच्या धुळीचा एक वास तिथं कायमचा मुक्कामाला होता. खोल्या दोन. बाहेरच्या खोलीत यंत्रं आणि त्यांच्यामागे बसणारा माणूस. आतल्या खोलीत फक्त एक माइक, एक खुर्ची आणि समोर पडदा. मधे जाड काच. आतल्या खोलीच्या भिंतींना, छताला, दाराला सगळीकडे स्पंज आणि कापड. ते जड दार रबराचा उसासा टाकून बंद झालं की जगाशी संबंध तुटायचा. आपण गिळलेला आवंढासुद्धा आपल्याला ऐकू यायचा.

यंत्रांमागे बसायचा तो मावशीचा सख्खा धाकटा भाऊ. ध्वनिमुद्रक. स्टुडिओतले लोक त्याला 'कानवाले' म्हणायचे. मावशीसाठी तो नुसता धाकटा.

ह्या धाकट्याची एक खोड होती, म्हणजे त्याच्या कामातलीच रीत, पण त्यानं तिचं व्यसन करून टाकलं होतं. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो. कान देऊन ऐकलं तर प्रत्येक खोलीचा वेगळा. म्हणून मुद्रण संपलं की सगळ्यांना 'हलू नका' म्हणायचं आणि थोडा वेळ नुसती खोली टिपून घ्यायची. पुढे बोलण्यांमधल्या फटी बुजवायला ती उपयोगी पडते. ह्याला ते लोक 'शांतता घेणं' म्हणतात. धाकटा कुठंही गेला तरी शांतता घ्यायचा. शाळेच्या बंद वर्गाची, दवाखान्यातल्या बाकड्यांची, नातेवाइकांच्या बैठकीची. खिशातून छोटं यंत्र काढून बोट ओठांवर ठेवायचा. आई वैतागायची. "इतकं लक्ष देऊन एखाद्या मुलीचं बोलणं ऐकलं असतंस ना, तर आज घरात सून असती."

आई साथीत गेली. सिनेमातल्या नाही, खऱ्या साथीत. दोन वर्षं झाली त्याला.

घरात माणसं तीन आणि ताप दोघींना. आई पुढच्या खोलीत, मावशी मागच्या खोलीत, मधे एक वीट जाडीची भिंत. धाकट्याला मात्र काही झालं नाही. त्यानं तोंडाला फडकं बांधून दोघींचं सगळं केलं. मावशीला त्या दिवसांतलं फारसं आठवत नव्हतं. भिंतीला लावलेली खाट, कपाळावरची ओली पट्टी, आणि एकदा आपण विचारलं होतं ते. "आई हाक मारतेय का रे?" आणि दारातून धाकट्याचं उत्तर, "भास होतोय तुला. ताप आहे. झोप."

ती उठून बसायच्या आत आई गेलेली होती. गॅलरीत खुर्ची टाकून धाकट्यानं तिला बसवलं, गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाला, "झोपेतच गेली गं. शांत. एकदाही कण्हली नाही."

त्या वाक्यावर मावशीनं दोन वर्षं काढली होती. कुणी भेटायला आलं की ती तेच सांगायची, त्याच शब्दांत. झोपेतच गेली. शांत. आयुष्यभर ज्या आवाजांवर पोट भरलं त्यातला एकही आवाज आईच्या तोंडून निघाला नाही, हे तिला देवाच्या दयेसारखं वाटायचं. आणि धाकट्याला तर ती तेव्हापासून फुलासारखी जपायची. दुपारचा डबासुद्धा त्याच्या हातात देऊन ती मोकळी होत नसे. समोर बसून संपवायला लावायची.

त्या दिवशी ती पायऱ्या उतरून आली तेव्हा सिनेमाचा दिग्दर्शक यंत्रापाशीच उभा होता. पोरगेलासा, उत्साही, दाढी वाढवलेला.

"या, या! मावशी, आज मला जरा ताजे मेलेले हवेत. परवाचे तुमचे मेलेले फार शिळे वाटले."

"ताज्या मेलेल्याच्या घशाला ओल असते, शिळ्याच्या नसते," मावशी चपला काढत म्हणाली. "कुठले हवेत ते आधी सांगत जा. नंतर बदलून मिळत नाहीत."

दिग्दर्शक खो खो हसला. मग त्यानं तिला प्रसंग समजावला. सिनेमाचा शेवट. गाव सगळं मेलंय. एक बाई घराचं दार आतून रेटून उभी आहे, बाहेर मेलेल्यांची गर्दी, आणि त्या गर्दीत तिचं स्वतःचं माणूस. दार उघडायचं की नाही, एवढाच प्रश्न.

"गर्दीच्या आवाजाचा मूळ थर मात्र असला जमलाय ना," तो म्हणाला. "कानवाल्यांनी कुठून आणला देव जाणे. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तुम्ही फक्त वरून दोन-चार जण भरा, पुढच्या रांगेतले."

मावशीनं कौतुकानं भावाकडे बघितलं. धाकटा मान खाली घालून वायर गुंडाळत होता.

"तो थर लावायची गरज नाही," तो हळूच म्हणाला. "ताई नुसतं चित्र बघून करेल."

"छे हो! त्यात मिसळायला नको का? लावा लावा," दिग्दर्शक म्हणाला, आणि पोटात कावळे ओरडताहेत म्हणून वर काहीतरी खायला निघून गेला.

मावशी आतल्या खोलीत गेली. दार उसासा टाकून बंद झालं. दिवा मंद केला, कानांवर हेडफोन चढवले, दातांत ओलं फडकं धरलं. काचेपलीकडे धाकट्याचा चेहरा यंत्रांच्या निळ्या उजेडात दिसत होता. त्यानं एकदा तिच्याकडे बघितलं. मग बटण दाबलं.

पडद्यावर घर, घराचं दार, आणि दारासमोर करड्या चेहऱ्यांची दाटी. पाय फरपटल्याचा आवाज. फाटक करकरल्याचा. आणि मग खालून, जमिनीतून आल्यासारखा तो कण्हण्याचा थर वर चढला.

मावशीनं ह्या धंद्यात हजारो मेलेले ऐकले होते. हे त्यातले नव्हते. सगळी गर्दी एकाच गोष्टीसाठी कण्हत होती. जड, ताणलेला, भिजलेल्या दोरासारखा आवाज; सुरू व्हायचा, मधे अडखळायचा, आणि लांबत लांबत खाली जायचा. आणि प्रत्येक कण्हण्याच्या शेवटी एक शीळ. एक सूर वर, एक सूर खाली. दाराच्या फटीतून वारा यावा तशी.

तिचं अंग आधी ओळखून बसलं, डोक्याला मागाहून कळलं. तोंडातलं ओलं फडकं तिच्या मांडीवर पडलं.

ती शीळ आईच्या छातीतली होती. आईला जुना दमा. श्वास सोडताना छातीत दोन सूर वाजायचे. लहानपणी ही दोघं भावंडं अंधारात पडून त्या शिळेवरून ओळखायची, आई खरंच झोपलीय की नुसते डोळे मिटून पडलीय. आवाजाचा वेग कितीही कमी केला, कितीही जाड केला, तरी दोन सुरांमधलं अंतर बदलत नाही. हे तिला धाकट्यानंच कधीतरी शिकवलं होतं.

"थांबव," ती म्हणाली.

गर्दी थांबली. बोलायचं बटण दाबल्यावर धाकट्याचा आवाज कानात आला, अगदी जवळून, जसा यायचा तसा. "काय झालं? आवाज मोठा आहे का?"

"हा कुणाचा आवाज आहे?"

"लायब्ररीतला आहे... जुना कुठलातरी."

"खऱ्या वेगानं लाव."

"ताई, आधी जेवून घेऊ या. तुझं पित्त..."

"बाकीचे थर काढ. एकच ठेव. खऱ्या वेगानं लाव."

बोलायचं बटण न दाबताच त्यानं तोंड उघडलं, मिटलं. काचेपलीकडे माणसाचं तोंड असं हललं की मासा बघितल्यासारखं वाटतं. मग त्याचा हात हलला.

आधी खोली आली. मावशीनं डोळे मिटले. पुढच्या खोलीतलं घड्याळ, खिडकीच्या सैल झालेल्या झडपेची थरथर, लांब कुठंतरी कुत्रं. त्यांच्या घराची शांतता. आणि त्यात, यंत्रापासून थोडी दूर, दोन सुरांची शीळ.

"मनू..."

मावशीला ह्या नावानं हाक मारणारं जगात एकच माणूस होतं.

"मनू... मनू गं... आहेस का तिकडं? इकडं ये ना जरा..."

शीळ. घड्याळ. पुन्हा हाक. मग एकदम यंत्राच्या जवळून, म्हणून मोठा आणि स्पष्ट, धाकट्याचा आवाज आला. थकलेला, समजुतीचा.

"ताई घरात नाही, आई. झोप तू."

मावशीनं डोळे उघडले. वीटभर भिंत. ती खाट त्या भिंतीलाच लावलेली होती. तिनं विचारलं होतं आणि तिला भास ठरवलं गेलं होतं. तिकडे आईनं विचारलं आणि लेक घरातच नाही ठरली. एकाच माणसानं, बहुधा एकाच फेरीत, ह्या दारातून त्या दारात जात.

"तू मला म्हणालास झोपेत गेली." तिचा आवाज वर चढला नाही. "एकदाही कण्हली नाही म्हणालास. दोन वर्षं मी लोकांना तेच सांगतेय रे."

"तुला उभं राहता येत नव्हतं." धाकटा आता बोलायच्या बटणावर बोट ठेवून काचेला टेकून उभा होता. "तू गेली असतीस तिच्याजवळ. सरपटत गेली असतीस. मग दोघी गेल्या असत्या. मला एकीला तरी ठेवायचं होतं."

"मग 'आजारी आहे' सांगायचं. 'नाही' काय म्हणून सांगितलंस?"

"आजारी म्हटलं असतं तर ती उठली असती."

आई खरंच उठली असती. पण ते पटलं म्हणून आतलं काही निवलं नाही. उलट जास्तच पेटलं.

"आणि यंत्र? यंत्र का लावलंस?"

"शांतता घेणार होतो..." तो खाली बघत म्हणाला. "तिच्या खोलीची. ती असतानाची. आई झोपली की घ्यावी म्हणून लावून बसलो होतो. ती झोपलीच नाही."

"आणि ते ह्यात घातलंस. मढ्यांच्या तोंडात. माझ्या आईला मढ्यांच्या तोंडात घातलंस तू!"

"ताई, ऐक तरी... मूळ मुद्रण एवढंसं होतं. आई बोलते, मी बोलतो, संपलं. महिन्याभरानं मी ऐकलं तेव्हा ते लांबलेलं होतं. मी बोलल्यानंतरही ती हाक मारत होती. मला वाटलं, मलाच नीट आठवत नसेल. परत ऐकलं... अजून लांबलं. पुसून टाकलं. दोनदा पुसलं. दुसऱ्या दिवशी यंत्र लावलं की आहेच. दर वेळी जास्त वेळ हाक मारते गं... थांबतच नाही."

"म्हणून?"

"म्हणून वेग कमी केला. थरावर थर चढवले. गर्दीत गेली की हाक कळत नाही. नुसता आवाज होतो."

गर्दीत लपवली होती त्यानं आईला. जत्रेत नकोसं मूल सोडून यावं तसं.

मुद्रण अजून चालूच होतं. तिच्या कानात, हेडफोनच्या आत, आई हाक मारत होती. आता हाका जवळजवळ येत होत्या. मधला श्वास तुटत होता. रागाचा मागमूस नव्हता त्यात. वाट बघणाऱ्या माणसाचा आवाज होता तो. पाणी मागायचं असतं, पण उगाच कुणाला उठवायचं जिवावर येतं, तसा.

"मनू... आहेस का गं..."

"ताई, बंद करतो मी." धाकट्यानं यंत्राकडे हात नेला आणि तो तसाच थांबला. त्याची नजर मावशीच्या तोंडासमोरच्या लाल दिव्यावर गेली होती. माइक चालू होता. मघापासून चालूच होता. "ताई... उत्तर देऊ नकोस. मी इतक्यांदा ऐकलंय, पण कधी उत्तर दिलं नाही. काय होईल माहीत नाही... ताई, तुला माझी शपथ..."

त्याची शपथ. मावशीला क्षणभर हसू आल्यासारखं झालं.

ती माइकच्या जवळ सरकली. "आई," ती म्हणाली, "मी आहे."

हाक अर्ध्यावर थांबली.

घड्याळ चालू राहिलं. झडप थरथरत राहिली. मग खाट करकरली, कुशीवर वळल्यासारखी.

"आलीस?"

"आले."

"किती वेळ लावलास... कुठं होतीस?"

"इथंच होते. भिंतीपलीकडं."

शीळ. एक सूर वर, एक सूर खाली.

"तो म्हणाला, तू घरात नाहीस."

बंद खोलीत आता एक वास यायला लागला होता. गालिच्याचा नव्हे, यंत्रांचाही नव्हे. ओल्या पट्ट्यांचा, तापानं भिजलेल्या चादरीचा, औषधाच्या बाटलीच्या बुचाचा. काचेपलीकडे धाकटा दोन्ही हात काचेवर ठेवून उभा होता. त्यालाही ऐकू येत होतं. त्याच्या तोंडावरून ते दिसत होतं.

"खोटं बोलला होय," आई म्हणाली. फुटलेल्या कपाबद्दल बोलावं, तेवढंच. मग थोड्या वेळानं, कौतुक करावं तशा आवाजात, "हा बघ... बसल्या बसल्या पेंगतोय. किती दिवस जागलाय बिचारा."

तेव्हा मावशीला तिसरा श्वास ऐकू आला. तो पहिल्यापासून तिथंच होता, फक्त तिनं लक्ष दिलं नव्हतं. यंत्राच्या अगदी जवळ, तरण्या माणसाचा, थकलेला पण नीट चाललेला. दोन वर्षांपूर्वीच्या त्या खोलीत मांडीवर यंत्र घेऊन बसलेल्या धाकट्याचा.

"निजवू का गं ह्याला?" आईनं विचारलं.

आईनं काय विचारलं ते मावशीला कळलं होतं. धाकट्यालाही कळलं होतं. तो काचेवर थापा मारत होता, पण काच जाड होती, एक थाप आत येत नव्हती. मग त्याला बोलायचं बटण आठवलं असावं. त्याचा आवाज आला.

"ताई... नको म्हण. ताई, नुसतं नको म्हण ना गं..."

एका शब्दाचं काम होतं. माइक समोर होता, लाल दिवा लागलेला होता, आई ऐकत होती, आणि आई लेकीचं ऐकायची. मावशीनं तोंड उघडलंसुद्धा. पण तोंड उघडल्याबरोबर तिच्या कानांत दुसरंच काही आलं. समजुतीचा, थकलेला, मोठा आणि स्पष्ट आवाज. ताई घरात नाही, आई. झोप तू.

तिनं तोंड मिटलं.

ती 'हो' म्हणाली नाही. पुढे स्वतःशी तिनं हे पुष्कळदा सांगून बघितलं. 'हो' म्हणालीच नव्हती ती.

"बरं," आई म्हणाली.

मग थोपटण्याचा आवाज यायला लागला. हलका, पसरट हाताचा, एका लयीत. लहानपणी दोघांना थोपटायची तसाच. यंत्राजवळचा श्वास हळूहळू लांब झाला. अजून लांब झाला. एकदा बाहेर गेला, आणि परत आला नाही. थोपटणं आणखी थोडा वेळ चाललं, मग तेही थांबलं. शीळ थांबली. घड्याळ आणि झडप तेवढी उरली. नुसती खोली.

मावशीनं वर बघितलं. धाकटा कुठंतरी कोसळलेला असणार, असंच तिला वाटत होतं.

तो काचेपलीकडे उभा होता. एक हात छातीवर, तोंडावर गोंधळ. त्यानं यंत्राकडे बघितलं, परत तिच्याकडे बघितलं, आणि एकदम हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"संपलं! ताई, संपलं गं! यंत्रावरची रेषा सपाट... पहिल्यांदाच संपलं बघ!"

जड दार उघडून तो आत धावत आला, तिच्या पायांशी गालिच्यावरच बसला आणि तिच्या गुडघ्यांत डोकं घालून लहान पोरासारखा बोलत सुटला. चुकलं माझं, मला माफ कर, मी भ्यायलो होतो गं, दोन वर्षं मला झोप नाही. मागे दार आपोआप उसासा टाकून बंद झालं. मावशीनं त्याच्या केसांवर हात ठेवला. केस नेहमीचेच होते, डोकं कोमट होतं.

बोलून बोलून तो गप्प झाला. खोली शांत झाली. ज्या खोलीत आवंढा गिळलेला ऐकू येतो, त्या खोलीत मावशी कान देऊन बसली. तिला तिचा श्वास ऐकू येत होता. आत, बाहेर. आत, बाहेर.

फक्त तिचाच.

"राग गेला ना?" धाकट्यानं मान वर करून विचारलं. हे विचारण्याआधी त्यानं छाती भरून हवा आत ओढली, बोलायला लागते तेवढी. प्रश्न संपला, हवा संपली. मग तो तिच्या तोंडाकडे बघत तसाच बसून राहिला. छाती हलली नाही, खांदे हलले नाहीत. डोळे मात्र भावाचेच, ओले, आशेनं भरलेले.

"गेला," मावशी म्हणाली.

दिग्दर्शक खाऊन-पिऊन परत आला तेव्हा दोघं बाहेरच्या खोलीत डबा उघडून बसले होते. आईचा तो थर आता कुठंच सापडत नव्हता. यंत्रातून साफ गेला होता. दिग्दर्शकानं डोक्याला हात लावला, चार शिव्या यंत्रांना घातल्या. शेवटी मावशी उठली, फडकं ओलं केलं आणि सगळी गर्दी एकटीनं भरून दिली, एकामागून एक थर. दिग्दर्शक म्हणाला, असं काम तुम्ही आजवर केलं नव्हतं. अभ्रे आणायचे तेवढे राहिलेच.

सिनेमा लागला, चालला, उतरला. घरात भाऊ-बहिणीचं बरं चाललंय. धाकटा हसतो, बोलतो, कामाला जातो, त्याला झोपही चांगली लागते. फक्त तो झोपला की मावशी त्याच्या खोलीत जात नाही. आणि शेजारीण मधूनमधून म्हणते, "तुमचे भाऊ आले कधी नि गेले कधी, कळतच नाही हो. कसली चाहूलच नसते."

परवा त्यानं धान्याचं पोतं एकट्यानं खालून वर आणलं. चार जिने. स्वयंपाकघराच्या दारात ते उतरवून, हात झटकत तो उभा राहिला. मावशी भाजी चिरत होती.

"ताई, एक गंमत सांगू? हल्ली मला दमच लागत नाही. कितीही जिने चढलो तरी नाही. डॉक्टरांना दाखवून यावं का एकदा?"

मावशीनं सुरी खाली ठेवली. त्याच्याकडे बघून ती हसली.

"कशाला दाखवायचं?" ती म्हणाली. "चांगलंच आहे की."

त्यालाही ते पटलं. हवा आत ओढून तो मोठ्यानं हसला. हसू संपलं, आणि चिरलेल्या भाजीवरून मावशीचा हात पुन्हा फिरायला लागला तरी तो दारात तसाच, तोंड उघडं ठेवून, तिच्या पुढच्या बोलण्याची वाट बघत उभा होता.